पैले स्टेटस देख!

गेल्या वर्षीची, २०२५ची गोष्ट. रमजान ईद होऊन दोन आठवडे झाले होते. एप्रिलच्या उन्हात नांदेडच्या देगलूर नाक्यावर दुपारी दोननंतर चिटपाखरू दिसत नव्हते. जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला. ‘मामू, अर्जंट है. दस हजार भेजो. शाम को देता.’ खाली एक यूपीआय नंबर.

भाचा लातूरला असतो, नीटची तयारी करतो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तो माझ्याकडे पैसे मागत नाही असे नाही. पण मागायच्या आधी दोन दिवस गोड बोलतो. आणि ‘शाम को देता’ हे वाक्य त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकलेले नाही. मामूचे पैसे परत करायची आमच्याकडे रीतच नाही. मला हसू आले, मग शंका आली. मी मेसेजला उत्तर न देता सरळ फोन लावला.

“मामू, मैं कुछ नै भेज्या. मेरा व्हॉट्सॲपच बंद हो गया,” पोरगा रडवेला झाला होता.

त्याच्या हातातून आपाने फोन घेतला. आपा म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्याकडे तेव्हा बटणांचा साधा फोन होता, व्हॉट्सॲप वगैरे काही नाही. किती पैसे गेले, कुणाकुणाला मेसेज गेले, हे ती विचारेल असे मला वाटले होते. तिने विचारले ते वेगळेच.

“भाई, पैसे का बाद में देखते. पैले स्टेटस देख! उसके स्टेटस पे क्या है?”

मी पाहिले. स्टेटसवर काही नव्हते. फोटोही जुनाच होता, गंजगोलाईत नव्या शर्टात काढलेला. मी तसे सांगितले. तिकडून मोठा श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, “फिर देख. पाच मिनिट से फिर देख.”

पुढचे तीन तास मी दर पाच मिनिटांनी स्टेटस बघत होतो. घरचा ग्रुप, मोहल्ल्याचा ग्रुप बघत होतो. भाच्याच्या क्लासच्या ग्रुपमध्ये मी नव्हतो, तर त्याच्या मित्राला फोन करून तिथे काय चालले आहे ते विचारत होतो. त्या तीन तासांत आमच्या घरात दहा हजार रुपयांचा विषय कुणीही काढला नाही.

आपाने हा प्रश्न का विचारला, हे मराठी मुसलमान वाचकाला सांगावे लागणार नाही. इतर वाचकांसाठी सांगतो.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून शहर पेटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साताऱ्यात एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्रामवरून आक्षेपार्ह मजकूर गेला. वातावरण तापले. पोलिसांनी तपास केला, तेव्हा तो मजकूर त्या मुलाने टाकलेलाच नव्हता, दुसऱ्याच एका तरुणाने त्याच्या नावाने टाकला होता, असे निष्पन्न झाले. पोलिसांनी त्या तरुणाला अटक केली. पुढच्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, त्याच जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमाव चालून गेला आणि मशिदीत असलेल्या एका तरुणाचा जीव गेला.

आपा वर्तमानपत्र वाचत नाही. पण साताऱ्याची गोष्ट तिला माहीत होती. आमच्या आया-बहिणींना अशा गोष्टी बरोबर माहीत असतात. ज्याला पासवर्ड म्हणतात तो कशाशी खातात हे माहीत नसलेल्या बाईला एवढे नक्की कळले होते की, आपल्या लेकाचे नाव आत्ता दुसऱ्याच्या हातात आहे आणि तो दुसरा त्या नावाने काहीही बोलू शकतो.

सायबर सुरक्षा म्हटले की आपल्याकडे पैशाची गोष्ट होते. कार्ड, ओटीपी, बँक. ते खरेच आहे. पण आमच्यासारख्या घरांत त्याच्याही आधी नावाची गोष्ट असते. पैसे गेले तर माणूस चार महिने ओढाताण करून भरून काढतो. नाव गेले तर खुलासा करेपर्यंत दगड येऊन गेलेला असतो.

झाले होते असे. भाच्याच्या क्लासमधल्या एका मित्राच्या नंबरवरून त्याला मेसेज आला होता : ‘टेस्ट सिरीजच्या ग्रुपमध्ये तुला ॲड करतोय, तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आला असेल, तो पाठव.’ मित्रच मागतोय म्हटल्यावर याने पाठवला. त्या मित्राचे खाते सकाळीच गेलेले होते, हे याला काय माहीत! तो कोड टेस्ट सिरीजचा नव्हताच. भाच्याचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू करण्यासाठी व्हॉट्सॲपने पाठवलेली ती किल्ली होती. याने ती आपल्या हाताने दिली. मग चोर याच्या नावाने पुढच्या पोरांना कोड मागू लागला आणि थोरांना पैसे.

यात हॅकिंग म्हणावे असे काही नाही. कुणी भिंत फोडली नाही, कुलूप तोडले नाही. ओळखीचा आवाज काढून दार वाजवले, आतून कडी काढली गेली. आमच्या लहानपणी अम्मी सांगायची, रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिची भीती भुताखेतांची होती. पण नियम आजही कामाचा आहे. ओळखीच्या नावाने आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. आधी फोन लावायचा, आवाज ऐकायचा.

खाते परत मिळवायला आम्ही लागलो, तर गडबडीत दोन-तीनदा चुकीचा कोड टाकला आणि व्हॉट्सॲपने काही तास थांबायला सांगितले. संध्याकाळी पुन्हा कोड आला, तो टाकला आणि चोर बाहेर पडला. पण जाताना त्याने आपला पिन बसवून ठेवला होता. तो पिन आम्हाला माहीत नाही म्हणून सात दिवस थांबणे आले. खाते ना त्याच्याकडे, ना आमच्याकडे. भाचा म्हणाला, “मामू, कम से कम चुप तो है.” नीटच्या तोंडावर पोरगा सात दिवस व्हॉट्सॲपशिवाय राहिला. नोट्स मित्रांकडून झेरॉक्स करून आणल्या. आपा म्हणाली, अभ्यास जास्त झाला.

तो पिन आम्ही आधी बसवला असता, तर कोड देऊनही चोराला आत येता आले नसते. सेटिंगमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. दोन मिनिटांचे काम. माझ्या स्वतःच्या फोनवरही ते नव्हते. मी लिहिणारा माणूस, चार ठिकाणी भाषणे देणारा, आणि माझ्या दाराला आतून कडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून पहाटेची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला उतरलो. मी आणि भाचा पोलिस ठाण्यात गेलो. जायचे की नाही यावर घरात आदल्या रात्री दीड तास चर्चा झाली होती. मेव्हणे म्हणत होते, कशाला जायचे, उगीच पोराचे नाव तिथे लिहिले जाईल. त्यांचेही चूक नव्हते. लातूरच्या पोरांच्या आई-बापांना पोलिस आणि मोबाईल हे दोन शब्द एकत्र आले की धडकी भरते. २०२४ च्या जूनमध्ये नीटच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातूरला गुन्हा दाखल झाला होता, शिक्षकांच्या मोबाईलमध्ये विद्यार्थ्यांची हॉल तिकिटे सापडली होती आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेले होते. कुणाच्या फोनमध्ये काय सापडेल आणि त्यात कुणाचे नाव निघेल, या काळजीने तेव्हा अनेक घरांची झोप उडाली होती.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, “पैसे तुमचे गेले का?” नाही म्हटल्यावर, “मग तक्रार कशाची?” मी म्हणालो, “साहेब, पैशाची नाही, वेळेची आहे. काल दुपारी एकपासून संध्याकाळी पाचपर्यंत या पोराचे खाते याच्या हातात नव्हते. एवढेच आम्हाला कागदावर पाहिजे.” टेबलामागचा माणूस जरा थांबला. बाजूला बसलेल्या वयस्कर हवालदारांनी मान वर केली, भाच्याकडे एकदा पाहिले, आडनाव वाचले आणि काही न बोलता अर्ज पुढे ओढला. त्यांना मुद्दा समजला होता. पोचपावती देताना एवढेच म्हणाले, “याचा फोटो काढून ठेव बेटा, कागद हरवतो.”

तो कागद आपाने कपाटात, जन्मदाखला आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ठेवला आहे. स्वसंरक्षण म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आता लाठीकाठी येत नाही, ती पोचपावती येते. असा प्रसंग आला तर वाचकांनी एवढे करावे : चोराच्या मेसेजचे स्क्रीनशॉट वेळेसकट जपावेत, ओळखीच्या सगळ्यांना दुसऱ्या नंबरवरून ‘खाते माझ्या हातात नाही’ असे लगेच कळवावे, आणि तक्रार लेखी द्यावी. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर तत्काळ फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवले जातात. ते वाटेत कुठेतरी अडवायचे असतील तर पहिले काही तासच हातात असतात.

भाच्याच्या एका मित्राचे खरेच दोन हजार गेले होते. उदगीरचा पोरगा, मेसचे पैसे त्याने दोस्ताला म्हणून पाठवले. त्याने १९३० ला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे मात्र आले नाहीत. भाच्याने ईदीतून त्याचे पैसे दिले. मित्र घेत नव्हता. भाचा म्हणाला, “माझ्या नावावर गेले ना, मग माझेच.” त्या वाक्याचा मला अभिमान वाटला आणि वाईटही वाटले.

हे फक्त आमचेच दुखणे आहे असा सूर मला लावायचा नाही. चोर दाराबाहेरची पाटी वाचत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी गेले, तेव्हा आम्ही म्हणालो, मोठ्या शहरातल्या गोष्टी. मग जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटी ४६ लाख रुपये ऑनलाइन पळवले गेले. वजिराबादपासून इतवाऱ्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे आमंत्रण आले. पत्रिका म्हणून त्यांनी फाईल उघडली. ती पत्रिका नव्हती, फोनचा ताबा घेणारे ॲप होते. १ लाख ९० हजार रुपये गेले. मराठवाड्यात लग्नाची पत्रिका उघडायची नाही, असे कुणाला कसे सांगणार? पण बघायचे एवढेच : पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरे असतील, तर ते लग्न आपल्याकडचे नाही.

चोर पाटी वाचत नाही, पण भीती मात्र बरोबर वाचतो. आमच्या मोहल्ल्यात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत. त्यांना एके सकाळी व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस, मागे पोलिस ठाण्यासारखा देखावा. ‘तुमच्या आधार कार्डावर घेतलेल्या सिमवरून देशविरोधी कारवायांना पैसा गेला आहे. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. खोलीबाहेर पडायचे नाही, घरात कुणाला सांगायचे नाही.’ आयुष्यभर वर्गात दरारा असलेला माणूस चार तास खाटेवर हात जोडून बसला होता. त्यांची सून दोनदा चहा घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवले. पेन्शनचे पैसे पाठवायची वेळ आली आणि लाईट गेली. वायफाय बंद पडले, कॉल तुटला. तेवढ्यात त्यांचा मुलगा आला आणि बापाचा चेहरा बघून त्याने फोन हिसकावून घेतला. मास्तर आता म्हणतात, महावितरणचे माझ्यावर उपकार आहेत.

पण एकदा एकांतात ते मला म्हणाले, “दुसरा काही आरोप केला असता ना, तर मी हसलो असतो. त्याने तोच शब्द काढला. तो शब्द ऐकला की आपण निर्दोष आहोत हे आपल्यालाच आठवत नाही.”

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये ते सांगितले. या जाळ्यात शिकलेले, पैसेवाले सगळे अडकले आहेत. वर्धमान उद्योगसमूहाच्या ओसवालांना तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटींना फसवले. पण प्रत्येकाला घाबरवायचा शब्द वेगळा असतो. कुणाला ईडी, कुणाला ड्रग्ज, आणि आमच्या मास्तरांना तो शब्द. म्हणून आमच्या घरांत पहिला नियम हाच करायला हवा की, असा फोन आला की घरच्यांना हाक मारायची. चोराची सगळी करामत माणसाला एकटे पाडण्यात असते. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द आले की समजावे, समोर पोलिस नाही.

आता थोडे स्वतःबद्दल. दोष सगळा बाहेरच्यांचा नाही.

आमच्या भागात एक ऑनलाइन सेंटर आहे. स्कॉलरशिप, रेशन, लाडकी बहीण, पॅन, सगळे तिथे होते. चालवणारा पोरगा भला आहे, म्हाताऱ्यांकडून पैसेही घेत नाही. एकदा अम्मीच्या कामासाठी गेलो, तर त्याने एक जाडजूड डायरी काढली. त्यात अर्ध्या मोहल्ल्याचे आधार नंबर, जन्मतारखा, मोबाईल, ईमेल आणि पासवर्ड ओळीने लिहिलेले! अम्मीचा पासवर्ड होता, ‘अम्मी ॲट १२३’. खालच्या तीन बायकांचेही आकडे तेच. मी म्हणालो, “हे काय रे?” तो म्हणाला, “भाईजान, लोकां भूल जाते. मेरे कू याद रखना पडता.” खोटे नव्हते. पण ती डायरी उद्या हरवली, चोरीला गेली, किंवा पोरगा बदलला, तर?

आधारची देशातली सुरुवात आपल्या महाराष्ट्रातली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार दिले गेले. तेव्हापासून आपण त्याच्या झेरॉक्स लग्नाच्या अक्षतांसारख्या उधळत आहोत. लॉजवर, सिमच्या दुकानात, गॅस एजन्सीत. आपला अंगठाही आपल्याजवळ राहिलेला नाही. २०१८ साली शेजारच्या तेलंगणात जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरून अंगठ्याचे ठसे उचलून, रबरी नक्कल करून हजारो सिम चालू केल्याचे प्रकरण उघडकीला आले होते. यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. आधारच्या ॲपमध्ये बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवता येतात, लागेल तेव्हा उघडता येतात. पूर्ण नंबरऐवजी शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार काढता येते. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसते, आणि अनोळखी नंबर बंद करायला सांगता येते. अम्मीच्या नावावर एक नंबर असा निघाला, जो आमच्या घरात कुणीच कधी वापरला नव्हता. मास्तरांना आलेला फोन आठवून माझ्या अंगावर काटा आला.

पण रखवालदार ठेवला म्हणून त्याला माजघराची किल्ली द्यायची नसते, हेही लक्षात ठेवावे. हेच ‘संचार साथी’ ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने टाकण्याचा आदेश २०२५ च्या शेवटी निघाला, तेव्हा देशभर ओरड झाली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सक्ती मागे घ्यावी लागली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. चोरापासून बचाव आणि पहारेकऱ्याला प्रश्न विचारणे, ही दोन्ही कामे एकाच घरमालकाची आहेत.

आणि घरातल्या पहारेकऱ्याचे काय? १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम बायकांचे फोटो टाकून त्यांचा लिलाव मांडला होता. त्याआधी सहा महिने ‘सुल्ली डील्स’ने तेच केले होते. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी. ज्या बोलत होत्या त्यांनाच निवडले होते. ती बातमी वाचून मी त्या रात्री काय केले असेल? माझ्या पुतणीला फोन करून सांगितले, तुझे सगळे फोटो काढून टाक, खाते बंद कर. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शांतपणे म्हणाली, “चच्चा, चोर आला तर घराला कुलूप लावायचं की घर सोडायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या बायकांपैकी काहींनी पोलिसांत तक्रारी केल्या. त्याच तक्रारींमुळे मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी आरोपी पकडले. विशीच्या आसपासची शिकलेली पोरे निघाली. मी मात्र सुरक्षेच्या नावाखाली पुतणीचे दार बाहेरून लावायला निघालो होतो. आमच्या किती घरांत हेच चालते! नवरा बायकोचा फोन तपासतो, भाऊ बहिणीचा पासवर्ड मागतो आणि त्याला ‘हिफाजत’ म्हणतो. कडी आतून असेल तर तिला सुरक्षा म्हणतात. बाहेरून असेल तर तिला कैद म्हणतात. पुतणीने त्या आठवड्यात खाते खासगी केले, अनोळखी माणसे काढली, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवला, आणि फोटो राहू दिले.

शुक्रवारी नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर मी हा विषय काढला, तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, “अल्लाह मालिक है, इतना क्या डरना?” दुसऱ्यांनी त्यांना उंटाची गोष्ट आठवून दिली. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवावा की बांधून, असे पैगंबरांना विचारले गेले, तेव्हा आधी बांधायला सांगितले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. मग पहिले बुजुर्ग हळूच खिशातून फोन काढून म्हणाले, “बांधना है, मगर ये रस्सी किधर है इसमें?” लोक हसले. मला ते वाक्य महत्त्वाचे वाटले. भरवसा सगळ्यांकडे आहे, उंटही सगळ्यांना दिला गेला आहे. दोरी कुठे आहे हे कुणी दाखवलेले नाही.

आम्ही दाखवायला सुरुवात केली आहे. मोठे काही नाही. नीट झाल्यावर भाचा महिनाभर नांदेडला येऊन राहिला. मगरिबनंतर ऑनलाइन सेंटरच्या पायरीवर बसायचा. येईल त्याच्या फोनला पिन बसवून द्यायचा, ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये परके कुणी बसले आहे का बघायचा, आणि एकच वाक्य घोकून घ्यायचा : पैसे घेताना पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार. सेंटरवाल्याने डायरी फाडायला आठ दिवस घेतले. शेवटी म्हणाला, प्रत्येकाचे पान फाडून त्याच्याच हातात देतो. बायका आपापले पान घेऊन गेल्या. एका खालाने ते पान तांदळाच्या डब्यात ठेवले आहे. तज्ज्ञ लोक नाके मुरडतील, पण त्या डब्यापर्यंत चोर कुठून पोचणार!

भाच्याला त्या वर्षी एमबीबीएसची जागा मिळाली नाही, तो पुन्हा तयारी करतोय. त्याचे खाते आठव्या दिवशी सुरू झाले. आपाने गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा, स्मार्टफोन घेतला. आम्हाला वाटले, यूट्यूबवर नातं-कव्वाल्या ऐकेल, नातेवाइकांना व्हिडिओ कॉल करेल. तिने व्हॉट्सॲप शिकून घेतले, पिन बसवून घेतला, आणि त्यात एकच नंबर सगळ्यात वर लावून ठेवला.

इशाची नमाज झाली की ती चष्मा लावते, लेकाचा स्टेटस उघडून बघते आणि मग झोपते. लेक शेजारच्याच खोलीत अभ्यास करत असतो.